जागच्या जागी धावणारा अल्बम: जमिरोक्वायचा 'ट्रॅव्हलिंग विदाउट मूव्हिंग' कसा ऐकावा

जमिरोक्वाय म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र येतं. फिकट रंगाची रिकामी खोली, डोक्यावर भलीमोठी केसाळ टोपी घातलेला सडपातळ माणूस आणि त्याच्या पायाखालून सरकणारी जमीन. 'व्हर्च्युअल इनसॅनिटी' या गाण्याचा हा व्हिडिओ १९९६-९७ मध्ये एमटीव्हीवर इतका गाजला की ते गाणं ज्या अल्बममधलं आहे, तो अल्बमच त्याच्या आड गेला. 'ट्रॅव्हलिंग विदाउट मूव्हिंग' हा लंडनच्या या बँडचा तिसरा स्टुडिओ अल्बम सप्टेंबर १९९६ मध्ये ब्रिटनमध्ये आला. जगभरात त्याच्या ८० लाखांच्या आसपास प्रती खपल्या आणि सर्वाधिक खपाचा फंक, म्हणजे ठेक्यावर उभ्या असलेल्या अमेरिकन नाचऱ्या संगीताचा, अल्बम म्हणून गिनेस बुकात त्याची नोंद झाली.

इतका खपलेला अल्बम समजावून सांगावा का लागतो? लागतो, कारण तो कानाने कुठून धरायचा हे पटकन कळत नाही. आपल्याला गाणं वरून ऐकायची सवय असते: आधी शब्द, मग चाल, मग एखादी गिटार किंवा पियानो, आणि लक्ष उरलंच तर खाली काय वाजतंय ते. हा अल्बम खालून वर ऐकावा लागतो. आधी बेस गिटार, म्हणजे खालच्या, जाड सुरांची गिटार, मग ड्रम्स, मग कीबोर्ड, आणि सगळ्यात शेवटी गायक. असं ऐकलं की जो अल्बम छान, गोडसर पॉप वाटत होता, तो एकदम वेगळाच उभा राहतो.

त्यासाठी थोडं मागे जाऊ. १९८० च्या दशकातल्या लंडनमध्ये काही डीजे जुन्या रेकॉर्ड्सच्या मागे लागले होते. अमेरिकेतले १९६०-७० च्या दशकांतले सोल, फंक आणि जॅझचे अल्बम, त्यातही फारसे न खपलेले, कुठल्या तरी दुकानाच्या तळघरात पडून राहिलेले. ते शोधायचे आणि क्लबमध्ये नाचणाऱ्यांसमोर लावायचे. जॅझ म्हणजे खुर्चीत बसून, मान डोलावत ऐकायची गोष्ट, हा समज या मंडळींनी मोडून काढला. कॅमडनमधल्या डिंगवॉल्स या क्लबमध्ये रविवारी दुपारी जाइल्स पीटरसन अशाच रेकॉर्ड्स लावायचा. १९८८ च्या सुमाराला 'अ‍ॅसिड हाउस' नावाच्या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताने ब्रिटनला वेड लावलं होतं. आपण वाजवतो ते जॅझ, पण नाचायचं, एवढंच सांगायला याच वर्तुळातून 'अ‍ॅसिड जॅझ' हे नाव गमतीने पुढे आलं आणि चिकटलं. पीटरसन आणि एडी पिलर यांनी त्याच नावाची रेकॉर्ड कंपनीही काढली.

यातली पुढची पायरी मला फार महत्त्वाची वाटते. त्या काळात हिपहॉपवाले जुन्या रेकॉर्ड्सचे तुकडे मशीनमध्ये घालून नवी गाणी घडवत होते. लंडनमधल्या बऱ्याच तरुणांनी उलटी वाट धरली. रेकॉर्डवरचं ऐकून ते स्वतः वाजवायला शिकले. ब्रँड न्यू हेवीज, इनकॉग्निटो, गॅलियानो, जेम्स टेलर क्वार्टेट हे सगळे या मंडळींतले. १९७२ सालचं वाटावं असं संगीत ही विशीतली पोरं १९९१ साली हाताने वाजवत होती. टीकाकार याला नक्कल म्हणत. मला ते घराण्याची तालीम घेण्यासारखं वाटतं. फरक इतकाच की गुरू समोर नव्हता, तबकडीवर होता.

या वातावरणात जेसन चीथम नावाचा मुलगा उगवला. जन्म १९६९ चा. आई केरन के ही क्लबमध्ये आणि टेलिव्हिजनवर गाणारी नावाजलेली गायिका. पोराने ब्रँड न्यू हेवीजमध्ये गायक होण्यासाठी चाचणी दिली, निवड झाली नाही. मग त्याने स्वतःचाच बँड काढला, 'जे के' हे नाव घेतलं आणि पहिलं गाणं १९९२ मध्ये त्याच अ‍ॅसिड जॅझ कंपनीतून काढलं. ते ऐकून सोनी या बड्या रेकॉर्ड कंपनीने थेट आठ अल्बमांचा करार पुढे केला. पहिला अल्बम १९९३ मध्ये आला आणि ब्रिटनच्या खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. दुसरा १९९४ मध्ये, तो दुसऱ्या क्रमांकापर्यंत. बँडच्या नावात जॅम आणि उत्तर अमेरिकेतले मूळ रहिवासी इरोक्वॉय या दोन्हींची जोड आहे. पहिल्या दोन अल्बमांचा विषयही त्याला साजेसाच होता: पृथ्वीची नासाडी, मूळ रहिवाशांवरचा अन्याय, रस्त्यावर राहणारी माणसं. गाणी लांबलचक, मधे मोकळं वादन, ब्रास, म्हणजे ट्रम्पेटसारखी पितळी वाद्यं, आणि व्हायोलिन्सचा भरणा.

तिसऱ्या अल्बममध्ये हा पसारा आवरला गेला. निर्मितीत जे केच्या जोडीला अ‍ॅल स्टोन आला. गाणी आखीव झाली, ब्रास मागे सरलं, आणि सगळा भार पाच-सहा वादकांवर येऊन पडला. त्यामुळे प्रत्येकाचं वाजवणं स्वच्छ ऐकू येतं. बेसवर स्टुअर्ट झेंडर, ड्रम्सवर डेरिक मकेन्झी, कीबोर्डवर टोबी स्मिथ, गिटारवर नुकताच आलेला सायमन कॅट्झ, तालवाद्यांवर सोला अकिंगबोला आणि डिजरिडू या ऑस्ट्रेलियन सुषिर वाद्यावर वॉलिस ब्युकॅनन. यातल्या टोबी स्मिथने जे केबरोबर बहुतेक गाण्यांच्या चाली बांधल्या. लोक जे केला ओळखतात, पण या बँडचा सुरांचा मेंदू स्मिथ होता असं मी म्हणेन.

आता थोडी लयीची उकल करू, कारण तिच्याशिवाय पुढचं पोकळ राहील.

या गाण्यांचं आवर्तन चार मात्रांचं. प्रत्येक मात्रेचे चार भाग करा, म्हणजे सोळा घरं झाली. रॉकमध्ये बेस गिटार बहुधा सरळ चालते, ठरलेल्या घरांत नेमाने वाजत राहते. फंकमध्ये बेस वादक सोळांपैकी मोजकी घरं निवडतो आणि उरलेली मुद्दाम मोकळी सोडतो. पहिल्या मात्रेवर मात्र ठाम उतरायचं. अमेरिकन गायक जेम्स ब्राऊनच्या बँडने १९६० च्या दशकात ही गोष्ट पक्की केली: समेवर सगळे एकत्र, मधल्या जागेत ज्याची त्याची कारागिरी. तबला ऐकणाऱ्या कानाला हे समजायला काहीच अडचण नाही. समेवर येण्याआधी ठेका थोडा आड गेला की अंगात जी ओढ निर्माण होते, तीच इथे प्रत्येक आवर्तनात होते. शिवाय बेस वादक काही सूर पूर्ण उमटू देत नाही. तारेवर बोट नुसतं टेकवून छेडलं की स्वर येत नाही, फक्त 'टक्' असा मुका आघात येतो. हे मुके आघात ओळीत पेरले की बेस अर्धी सुरांची आणि अर्धी तालाची होते. झेंडरचं सगळं सामर्थ्य या मधल्या जागेत आहे. अल्बम आला तेव्हा तो बाविशीतला होता.

फंकमधली दुसरी गोष्ट म्हणजे सुरांच्या बाजूने फारसं काही घडत नाही. एकच कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांचा एक गट, मिनिटामागून मिनिट टिकतो. कथा पुढे सरकत नाही, पण अंग हलत राहतं. 'हाय टाइम्स' हे गाणं यासाठी ऐकावं. नशेच्या विळख्याबद्दलचं हे गाणं. त्यात बेस आणि ड्रम्स एकमेकांच्या इतके अंगावर वाजतात की कुठलं वाद्य कुठल्याला ढकलतंय हे सांगता येत नाही. शीर्षकगीतही याच जातीचं, फक्त अधिक वेगाचं. ते सुरू होतं तेच एका लॅम्बोर्गिनीच्या इंजिनच्या आवाजाने. ते इंजिन थोड्या वेळात थांबतं, पण त्याचा वेग झेंडर आणि मकेन्झी पुढे नेतात.

मग यात जॅझ कुठे आहे? तो टोबी स्मिथच्या हातात आहे. 'व्हर्च्युअल इनसॅनिटी'ची सुरुवात नुसत्या पियानोने होते. नेहमीच्या पॉप गाण्यात कॉर्ड तीन स्वरांची असते. इथे प्रत्येक कॉर्डमध्ये चौथा, पाचवा स्वर मिसळलेला आहे, आणि त्यामुळे सूर थोडा धूसर, थोडा आंबटगोड लागतो. त्याहून गमतीची आहे ती कॉर्ड्सची चाल. एका कॉर्डच्या मूळ स्वराला षड्ज धरलं, तर पुढची कॉर्ड त्याच्या मध्यमावर उभी राहते. आता त्या मध्यमालाच नवा षड्ज माना. त्यापुढची कॉर्ड पुन्हा त्याच्या मध्यमावर. असं करत करत, वाटेत एके ठिकाणी तीव्र मध्यमाचा आधार घेऊन, गाणं जिथून निघालं तिथेच येऊन पोहोचतं आणि पुन्हा निघतं. ही चाल जॅझमध्ये जुनी आहे. किती तरी अभिजात गाणी तिच्यावर रचली गेली. कान प्रत्येक पावलाला पुढे जात राहतो, पण चार-आठ आवर्तनांनी बघावं तर आपण होतो तिथेच.

अल्बमचं नाव इथे अगदी नेमकं बसतं. ते आलं विज्ञानकथेतून. डेव्हिड लिंचच्या १९८४ मधल्या 'ड्यून' या चित्रपटात अवकाश दुमडून, जागचं न हलता प्रवास करण्याची कल्पना आहे. जे केने ती उचलली. पण संगीताच्या बाजूनेही ती खरी ठरते. फंकच्या गाण्यात सूर जागचे हलत नाहीत आणि तरी गती असते. 'व्हर्च्युअल इनसॅनिटी'त सूर सारखे हलतात आणि तरी मुक्काम तोच राहतो. हा अल्बम मला आवडतो तो याचसाठी. बँडने हे दोन्ही प्रकार एकाच आवाजात बसवले आणि ऐकणाऱ्याला त्यातला सांधा जाणवू दिला नाही.

याच गाण्याच्या शब्दांमागे एक प्रसंग आहे. जे के आणि टोबी स्मिथ जपानमधल्या सापोरो शहरात होते. बाहेर बर्फ, रस्ते ओस. पायऱ्या उतरून खाली गेले तर जमिनीखाली दिवे, दुकानं, माणसांची गर्दी, एक अख्खं शहर. माणूस निसर्गाला पाठ फिरवून जमिनीखाली राहू लागला तर काय, ही भीती गाण्यात आली ती तिथून. पुढे एका ओळीत मुलांचा रंग आईने निवडण्याची गोष्टही येते. गाणं ऑगस्ट १९९६ मध्ये आलं. डॉली नावाची क्लोन केलेली मेंढी स्कॉटलंडमध्ये त्याच्या महिनाभर आधी जन्मली होती, पण जगाला ती बातमी कळली फेब्रुवारी १९९७ मध्ये. त्यानंतर गाणं ऐकणाऱ्यांना ती ओळ वेगळीच लागली असणार.

आता व्हिडिओ. तो दिग्दर्शक जोनाथन ग्लेझरने केला. जमीन सरकतेय असं जे दिसतं, ते तसं नाहीच. जमीन पक्की होती. चाकांवर उभारलेल्या भिंती माणसं ढकलत होती आणि कॅमेरा भिंतींबरोबर जात होता. फलाटावर शेजारची लोकल सुटली की क्षणभर आपलीच गाडी मागे निघाल्यासारखी वाटते ना, तेच इथे केलं आहे. कॅमेरा भिंतींना बांधलेला, म्हणून डोळा भिंतींनाच स्थिर धरतो आणि जमीन पळू लागते. सोफेही तसेच. जे जमिनीवर नुसते ठेवले होते ते सरकताना दिसतात, आणि जे भिंतीबरोबर खरोखर हलत होते ते जागच्या जागी वाटतात. संगणकाच्या करामतीपेक्षा सुताराची, ढकलणाऱ्यांची आणि नाचणाऱ्याची ही करामत. १९९७ च्या एमटीव्ही पुरस्कारांत या व्हिडिओला दहा नामांकनं मिळाली आणि वर्षातल्या सर्वोत्तम व्हिडिओसह चार पुरस्कार. त्या सोहळ्यात बँडने रंगमंचावर सरकते पट्टे बसवून तोच नाच जिवंत करून दाखवला. पुढच्या वर्षी गाण्याला ग्रॅमीही मिळालं. अमेरिकेत या बँडला खरी ओळख मिळाली ती या एका गाण्याने.

अल्बममधली बाकीची गाणी एका साच्यातली नाहीत. 'कॉस्मिक गर्ल' म्हणजे सरळ डिस्को. बेस ड्रम चारही मात्रांवर पडतो आणि दोन मात्रांच्या मधोमध हाय-हॅटची उघडी झांज. पाय हलवायला यापेक्षा सोपं काही नाही, आणि पार्ट्यांमध्ये ते अजूनही लागतं. 'ऑलराइट'मध्ये तीच नाचरी चाल आहे, पण कीबोर्ड अधिक ऊबदार; माझ्या लेखी चारही सिंगल्समध्ये, म्हणजे अल्बममधून सुट्या काढलेल्या गाण्यांमध्ये, बांधणीला सगळ्यात नेटकं हेच. 'यूज द फोर्स'मध्ये लॅटिन अमेरिकेच्या वळणाची तालवाद्यं उसळतात आणि अकिंगबोला किती कामाचा माणूस आहे ते कळतं. 'एव्हरीडे' संथ, रेंगाळणारं, सत्तरच्या दशकातल्या सोलला अगदी जवळचं. 'ड्रिफ्टिंग अलाँग' रेगे, म्हणजे जमैकाच्या वळणाचं, आहे. मला ते या अल्बममध्ये थोडं पाहुण्यासारखं वाटतं. 'स्पेंड अ लाइफटाइम' हे शेवटाकडचं प्रेमगीत सुरेल आहे, पण तिथे झेंडरला करायला फारसं काही उरत नाही.

डिजरिडूच्या दोन वाद्यरचना मात्र घाईने पुढे ढकलू नयेत. डिजरिडू हे उत्तर ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींचं लाकडी सुषिर वाद्य, वाळवीने आतून पोखरलेल्या निलगिरीच्या खोडाचं. त्यातून एकच खर्जाचा सूर अखंड निघतो. त्यासाठी वादकाला गालात हवा साठवून ती बाहेर सोडता सोडता नाकाने श्वास घ्यावा लागतो. आपल्या सनईवादकांकडेही हे तंत्र आहे. हा खर्ज तंबोऱ्यासारखा मागे उभा राहतो आणि त्याच्या अंगावर बेस खेळते. गाणं नाही, शब्द नाहीत, आणि तरी बँड काय चीज आहे ते इथे सर्वांत स्पष्ट कळतं.

गायकाबद्दल एवढंच म्हणतो की त्याच्या आवाजावर अमेरिकन सोल गायक स्टीव्ही वंडरची छाया आहे. ती पहिल्या अल्बमपासून सगळ्यांना दिसली आणि त्यावरून त्याला टोमणेही बसले. पण तिसऱ्या अल्बमपर्यंत जे के आपला आवाज एखाद्या तालवाद्यासारखा वापरायला शिकला होता. शब्द तो मात्रेच्या किंचित आधी किंवा नंतर टाकतो, आणि मधल्या 'हे', 'या' सारख्या निरर्थक अक्षरांनी ड्रम्सची रिकामी घरं भरतो. तो मुळात नाचणारा माणूस आहे, हे त्याच्या गाण्यातही ऐकू येतं.

राहिला गाड्यांचा प्रश्न. पहिल्या अल्बममध्ये पृथ्वी वाचवा म्हणणारा माणूस तिसऱ्या अल्बमच्या मुखपृष्ठावर फेरारीच्या बिल्ल्याच्या धर्तीवर आपलं शिंगांच्या माणसाचं चिन्ह लावतो, आणि 'कॉस्मिक गर्ल'च्या व्हिडिओत महागड्या स्पोर्ट्स गाड्या डोंगरी रस्त्यांवरून पळवतो. त्याच अल्बमचं पहिलं गाणं माणूस निसर्गापासून तुटला म्हणून हळहळतं. ब्रिटिश पत्रकारांनी त्याला यावरून बरंच सुनावलं आणि ते योग्यच होतं. या विसंगतीवर पांघरूण घालावं असं मला वाटत नाही. मात्र ती लपवलेलीही नाही. चिंता आणि हौस दोन्ही एकाच तबकडीवर उघडपणे शेजारी शेजारी आहेत. पैसा हातात आलेल्या पंचविशीतल्या माणसाचं मन असंच असतं, आणि संगीतातही ते तसंच उतरलं आहे.

१९९६ च्या उन्हाळ्यात ब्रिटनमध्ये गिटारवाल्या बँडांचं राज्य होतं आणि स्पाइस गर्ल्सचं पहिलंच गाणं आठवडेच्या आठवडे पहिल्या क्रमांकावर ठाण मांडून होतं. अ‍ॅसिड जॅझची लाट तोवर ओसरायला लागली होती. तिच्यातल्या बहुतेक बँडांना मान मिळाला, इतका खप कुणालाच मिळाला नाही. जमिरोक्वायला तो मिळाला कारण त्यांनी क्लबमधलं वादन न पातळ करता रेडिओच्या चार मिनिटांत बसवलं. अर्थात टोपी आणि नाच होतेच; पण नुसत्या टोपीवर ८० लाख प्रती जात नाहीत.

हा संच पुढे टिकला नाही. चौथ्या अल्बमचं काम चालू असताना, १९९८ मध्ये, स्टुअर्ट झेंडर बँड सोडून गेला. त्याच्यासोबत ध्वनिमुद्रित झालेलं काम बाजूला ठेवून बँडने नव्या बेस वादकासह अल्बम केला. तो चांगला आहे, अधिक चकचकीत आणि डिस्कोकडे अधिक झुकलेला. टोबी स्मिथ २००२ मध्ये बाहेर पडला आणि २०१७ मध्ये, वयाच्या ४६ व्या वर्षी वारला. झेंडर आणि कॅट्झ, म्हणजे ती बेस आणि ती गिटार, एकत्र असलेला पूर्ण अल्बम हा एवढा एकच.

पहिल्यांदा ऐकणार असाल तर मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. त्यातून बेस येतच नाही, म्हणजे अर्धा अल्बम गळतो. चांगले हेडफोन घ्या. 'हाय टाइम्स'पासून सुरुवात करा आणि पहिल्या वेळी गायकाकडे लक्षच देऊ नका, फक्त झेंडर कुठली घरं मोकळी सोडतो ते बघा. मग 'ऑलराइट', मग डिजरिडूच्या दोन रचना. 'व्हर्च्युअल इनसॅनिटी' सगळ्यात शेवटी, आणि व्हिडिओशिवाय.